मराकेशहून सहारात: वाळूतल्या एका रात्रीसाठी सहल उलटी कशी आखायची

मोरोक्कोहून परतलेल्या मंडळींकडून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आत ओळखतो: "वाळवंट मस्त होतं हो, पण तीन दिवस नुसते गाडीत बसून होतो." काहींची गत याहून वाईट. वाळूच्या डोंगरांचे फोटो बघून पैसे भरले आणि पोचले ते दगडगोट्यांच्या माळावर. या दोन्ही चुका घरी बसून, बुकिंग करतानाच होतात. मराकेशला उतरल्यावर त्या दुरुस्त करायला फारसा वाव उरत नाही. मी स्वतः पहिल्या खेपेला यातली पहिली चूक केली आहे, तेव्हा उपदेशाचा सूर लागला तर त्यामागे दुखरी पाठ आहे एवढं लक्षात घ्या.

बहुतेक जण आखणी मराकेशपासून सुरू करतात: तिथे चार दिवस, मग "दोन दिवस वाळवंट जमतंय का बघू". हे उलटं करायचं. आधी वाळूवरची रात्र पक्की करायची, मग तिच्या मागचे-पुढचे दिवस, आणि मराकेशच्या वाट्याला जे उरेल ते. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. क्रम मोडू नका. तिसरा टप्पा झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

## टप्पा १: कोणतं वाळवंट ते ठरवा

"मराकेश डेझर्ट टूर" या एकाच नावाखाली चार अगदी वेगळ्या जागा विकल्या जातात.

अगाफाय. मराकेशपासून तीस-चाळीस किलोमीटर. तासाभरात पोचता. पण इथे वाळू नाही. उघडाबोडका, खडकाळ माळ आहे. मागे ॲटलास पर्वताची शिखरं दिसतात, संध्याकाळ सुंदर असते. ज्यांच्याकडे एकच रात्र आहे त्यांनी खुशाल जावं, फक्त सहारात गेलो असं सांगू नये.

झागोरा. साधारण ३६० किलोमीटर, एका बाजूला सात तास. दोन दिवसांच्या जवळपास सगळ्या स्वस्त सहली इथेच जातात. वाळू आहे, पण लहान लहान पट्ट्यांत. चौदा तास गाडीत बसून एवढीशी वाळू हा सौदा मला कधीच पटलेला नाही.

मेर्झूगा. साधारण ५६० किलोमीटर, न थांबता नऊ-दहा तास. एर्ग शेब्बी नावाचा वाळूचा पट्टा या गावाला लागूनच सुरू होतो. सर्वांत उंच टेकड्या दीडशे मीटरच्या आसपास. डोक्यात जे "सहारा" असतं ते हे. डांबरी रस्ता थेट गावापर्यंत जातो, त्यामुळे लहान मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तरी जमतं.

एर्ग शिगागा. झागोराच्याही पुढे म्हामीद गावी डांबर संपतं; तिथून पन्नास-साठ किलोमीटर फोर बाय फोरने कच्च्या वाटेवरून. गर्दी कमी, एकांत जास्त, खर्चही जास्त. दुसऱ्या खेपेसाठी ठेवा.

पहिल्यांदा जात असाल तर मेर्झूगा. पुढचा लेख त्याच हिशेबाने लिहिला आहे.

तपासा: सहलीच्या वर्णनात "एर्ग शेब्बी" किंवा "मेर्झूगा" हा शब्द स्पष्ट आहे का? नुसतं "सहारा अनुभव", "वाळवंटी कॅम्प" असं मोघम लिहिलेलं असेल तर विचारा. फोटोंवर जाऊ नका. झागोराच्या सहलीवर मेर्झूग्याचे फोटो सर्रास चिकटवलेले असतात.

## टप्पा २: दिवस मोजा, आणि त्याच वाटेने परत येऊ नका

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून जरा सावकाश.

बाजारात सर्वांत खपणारी सहल म्हणजे तीन दिवस-दोन रात्री, मराकेश ते मराकेश. पहिला दिवस दादेस खोऱ्यापर्यंत, दुसरा दिवस मेर्झूगा, तिसऱ्या दिवशी पहाटे उंट आणि मग ५६० किलोमीटर परत. जेवणाचे, चहाचे थांबे धरले की हा तिसरा दिवस अकरा-बारा तासांचा होतो. मी तो केला. सकाळी वाळूवर सूर्योदय बघितला, आणि रात्री आठनंतर मराकेशच्या वेशीवर वाहतुकीत अडकलो होतो. मधलं काय बघितलं ते आठवत नाही, कारण ते दोन दिवसांपूर्वी येताना बघून झालेलंच होतं.

उपाय सोपा आहे: सहल मराकेशला सुरू करा आणि फेसला संपवा. मेर्झूगा ते फेस साधारण ४७० किलोमीटर, आठेक तास. अंतर कमी, रस्ता नवा, आणि शेवटी आणखी एक जुनं शहर पदरात पडतं.

माझ्या मते नीट आराखडा चार दिवसांचा:

1. मराकेश ते दादेस. साधारण सव्वातीनशे किलोमीटर, घाटरस्ता, मध्ये आइत बेन हद्दूची मातीची गढी. मुक्काम दादेसच्या खोऱ्यात.
2. दादेस ते मेर्झूगा. साधारण अडीचशे किलोमीटर, मध्ये तोद्राची घळ. रात्र वाळूतल्या कॅम्पमध्ये.
3. मेर्झूग्यातच. गाडीचा प्रवास जवळपास नाही. रात्र गावातल्या हॉटेलात, गरम पाण्याची अंघोळ करून.
4. मेर्झूगा ते फेस.

तिसरा दिवस बघून "हा वाचवता येईल की" असं वाटतं. वाचवू नका. वाळवंटात वारा सुटला तर पहिली संध्याकाळ वाया जाऊ शकते. हातात दुसरी असलेली बरी. शिवाय भल्या पहाटे उठून, वाळूने माखलेल्या अंगाने आठ तास गाडीत बसणं कोणालाच सोसत नाही.

सावध: तीनच दिवस हातात असतील तरीही फेसलाच संपवा. चार दिवस असून मराकेशला परतण्यापेक्षा ते बरं. आणि दोनच दिवस असतील तर मेर्झूग्याचा नाद सोडा, अगाफायला जा.

## टप्पा ३: महिना, रमजान आणि चंद्र

मार्चअखेर ते मेची सुरुवात, आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, हे दोन काळ चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये मेर्झूग्याला दुपारचा पारा चाळिशीच्या वर असतो. त्या दिवसांत जाऊ नका, स्वस्त आहे म्हणून तर मुळीच नाही. डिसेंबर-जानेवारीत दिवस छान, पण रात्री तापमान शून्याच्या जवळ जातं, आणि मराकेशच्या बाहेरचा घाट बर्फामुळे मधूनमधून बंद होतो. मार्च-एप्रिलमध्ये वाळूचे वारे सुटतात. जीव जात नाही, फोटो जातात.

मग दोन गोष्टी कॅलेंडरवर बघायच्या.

पहिली म्हणजे रमजान. हॉटेलं आणि कॅम्प चालू असतात, तुम्हाला जेवण मिळतं, पण लहान गावांतली खानावळ दुपारी बंद आणि ड्रायव्हर दिवसभर उपाशी. संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी सगळं थांबतं. शिवाय घड्याळ बदलतं: मोरोक्को वर्षभर भारताच्या साडेचार तास मागे असतो, रमजानपुरता साडेपाच तास. फोन आपोआप बदलतो, पण हातातलं घड्याळ बदलत नाही. बकरी ईदचे दोन-तीन दिवस मात्र टाळाच. गाड्या मिळत नाहीत आणि दुकानं बंद असतात.

दुसरी गोष्ट चंद्र. आकाशगंगा डोळ्यांनी बघायची असेल तर कॅम्पची रात्र अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवसांत बसवा. पौर्णिमेला तारे धुऊन निघाल्यासारखे पुसट होतात. त्याऐवजी वाळू चांदण्यात निळसर दिसते आणि विजेरीशिवाय फिरता येतं. दोन्ही चांगलंच. पण ट्रायपॉड वाहून नेलेल्या माणसाला पौर्णिमा निघाली की त्याचा चेहरा बघवत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात दोन सेकंदांत कळणारी गोष्ट, आणि कोणीही बघत नाही.

## टप्पा ४: व्हिसा आणि तिकीट

भारतीय पासपोर्टवर मोरोक्कोचा व्हिसा आधी काढून जावं लागतं. सरकारी संकेतस्थळावर ई-व्हिसाची सोय आहे. युरोपमार्गे विमान घेत असाल तर त्या विमानतळावर ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे तिकिटाआधी बघा. स्वस्त तिकिटाचा फायदा तिथे क्षणात उडतो.

येणं-जाणं कासाब्लांकाचं ठेवलं तर फेरी छान जुळते: कासाब्लांका ते मराकेश आगगाडीने अडीच-तीन तास, मराकेश ते फेस वाळवंटमार्गे चार दिवस, फेस ते कासाब्लांका पुन्हा आगगाडीने चारेक तास. परतीच्या विमानाच्या आदली रात्र कासाब्लांकात काढा. वाळवंटातून थेट विमानतळ गाठण्याचे बेत कागदावरच शोभतात.

सावध: ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय मोरोक्कोत ड्रोन आणता येत नाही आणि विमानतळावर तो काढून घेतात. "छोटासाच आहे" हे कारण चालत नाही.

## टप्पा ५: गाडी ठरवा, आणि सगळं लेखी घ्या

पर्याय तीन.

ग्रुप सहल: पंधरा-सतरा जणांची मिनीबस. सर्वांत स्वस्त. थांबे, वेळा, जेवणाची जागा, काहीच तुमच्या हातात नाही, आणि मागच्या सीटवर घाटात हाल होतात. बहुतेक ग्रुप सहली मराकेशलाच परततात. फेसला सोडतात का ते आधी विचारा.

ड्रायव्हरसह खासगी गाडी: चार जण असाल तर डोईजड होत नाही. घरच्यांबरोबर जाणाऱ्यांना मी हाच सांगतो.

स्वतः गाडी चालवणं: रस्ते चांगले आहेत, पण वाहतूक उजवीकडून, वेग मोजणारे पोलीस ठिकठिकाणी, आणि एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचं वेगळं भाडं. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातून काढून न्या. वाळूत गाडी घालू नका, अगदी दहा मीटरही. भाड्याच्या साध्या गाडीचा विमा डांबर सोडल्यावर सहसा उपयोगी पडत नाही.

खासगी सहल ठरवताना खालचे प्रश्न ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लेखी विचारा. फोनवरचं "नो प्रॉब्लेम, माय फ्रेंड" धरू नका.

1. पहिल्या दिवशीचा मुक्काम नक्की कुठे, हॉटेलचं नाव काय?
2. कॅम्पचं नाव काय, आणि तो वाळूच्या आत आहे की काठावर?
3. किमतीत कोणती जेवणं धरली आहेत? (रात्रीचं जेवण आणि नाश्ता सहसा असतो, दुपारचं जेवण आणि पिण्याचं पाणी बहुधा नसतं.)
4. उंट सगळ्यांसाठी आहेत का? ज्यांना बसायचं नाही त्यांना जीपने कॅम्पपर्यंत नेणार का, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का?
5. गालिच्यांच्या दुकानातले आणि आर्गन तेलाच्या कारखान्यातले थांबे वगळता येतील का?
6. आगाऊ रक्कम किती, रद्द केल्यास परत किती, उरलेली कोणत्या चलनात?

पाचवा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. विचाराच. एका गालिच्याच्या दुकानात पुदिन्याचा चहा पीत दीड तास कसा गेला हे कळत नाही. कळतं तेव्हा संध्याकाळचा उंट निघून गेलेला असतो.

लक्षात ठेवा: ड्रायव्हर म्हणजे गाइड नव्हे. तो गाडी चालवतो, गप्पा मारतो, पण आइत बेन हद्दूच्या आत तुमच्याबरोबर येईलच असं नाही. आत माहिती सांगणारा माणूस हवा असेल तर तो वेगळा ठरवावा लागतो.

## टप्पा ६: कॅम्प निवडताना

साधा आणि "लक्झरी" यात खरा फरक एकच असतो: संडास-बाथरूम तंबूला जोडून आहे की सामायिक. बाकी गालिचे, कंदील, शेकोटी, ढोल सगळीकडे. थंडीत जात असाल तर जोडलेल्या बाथरूमसाठी थोडे जास्त पैसे मोजा. पहाटे चार वाजता गारठ्यात वाळू तुडवत जाणं कसं असतं हे मला माहीत आहे.

जागा उपग्रह-नकाशावर स्वतः बघा. कॅम्पचं नाव टाका, झूम करा. चहूबाजूंनी वाळू दिसते, की शंभर मीटरवर हॉटेलांची रांग? काठावरच्या कॅम्पला रात्री गावाचे दिवे दिसतात आणि क्वाड बाइकचा आवाज येतो.

शाकाहारींसाठी: कॅम्पला आधी कळवा, मराकेशला पोचल्यावर नाही, बुकिंगच्या वेळीच. नुसतं "व्हेजिटेरियन" पुरत नाही, कारण भाज्यांचा कुसकुस बरेचदा मांसाच्या रश्श्यात शिजतो आणि हरीरा सूपमध्येही मांस असू शकतं. "मांस नको, चिकन नको, मासे नकोत, रस्साही नको" असं सुटं सुटं लिहा. स्थानिक अरबीत "ब्ला ल्हम" म्हणजे मांसाशिवाय. वाटेवर हमखास मिळणारं: भाज्यांचं ताजीन म्हणजे मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजलेली भाजी, मसुरीची उसळ, बिसारा म्हणजे वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचं घट्ट सूप, आणि झालूक, जे खाल्ल्यावर वांग्याच्या भरताची आठवण येते. तिसऱ्या दिवशी ताजीनचा कंटाळा येतो तेव्हा पिशवीतली शेंगदाण्याची चटणी कामाला येते.

## टप्पा ७: मराकेशमध्ये करायची तयारी

मराकेशला दोन रात्री पुरतात. निघायच्या आदल्या दिवशी ही कामं उरका.

पैसे. इथलं चलन दिरहम, तो मोरोक्कोतच मिळतो. युरो न्या, तिथे बदला किंवा एटीएममधून काढा, आणि बदलल्याची पावती जपून ठेवा. उरलेले परत देताना लागते. सुट्ट्या नोटा वेगळ्या ठेवा. वाटेत कार्ड कमीच चालतं. रोकड भरून घेण्याची शेवटची भरवशाची ठिकाणं म्हणजे मेर्झूग्याच्या अलीकडची एर्फूद आणि रिसानी ही गावं.

सामान. मोठी बॅग उंटावर जात नाही. ती गाडीत किंवा मेर्झूग्याच्या हॉटेलात राहते. कॅम्पसाठी पाठीवरची एकच छोटी सॅक आताच वेगळी भरा: गरम जॅकेट आणि कानटोपी (ऑक्टोबरातही), लांब सैल पँट, मोजे, विजेरी, पॉवर बँक, औषधं, ओले टिश्यू, दोन लिटर पाणी. फोन-कॅमेऱ्यासाठी चेन बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या. डोक्याला गुंडाळायला तीन-चार मीटर सुती कापड. मेर्झूग्याला विकतात, पण घरचं जुनं उपरणं किंवा मोठी सुती ओढणीही चालते. सिंथेटिक नको, घामाने चिकटतं.

रियादचा पत्ता. रियाद म्हणजे मधोमध अंगण असलेलं जुनं घर, जिथे पाहुणे उतरतात. जुन्या शहराच्या गल्ल्यांत गाडी येत नाही. ड्रायव्हर कोणत्या दरवाजाशी किंवा चौकाशी उभा राहणार ते आदल्या रात्री नक्की करा आणि तिथवर एकदा चालून बघा. सकाळी साडेसातला, चाकांची बॅग दगडी फरशीवर ओढत, हरवणं अगदी सहज होतं. "हा रस्ता बंद आहे, मी दाखवतो" म्हणणारा कोणी भेटला तर रस्ता बंद नसतो. "ला, शुक्रान" (नको, धन्यवाद) म्हणा आणि चालत राहा.

तपासा: गाडी लागणाऱ्यांनी गोळी नाश्त्यासोबत घेतली का? घाटात शिरल्यावर घेऊन उपयोग नाही.

## टप्पा ८: दोन दिवस रस्त्यावर

आठच्या आत निघा. दोनेक तासांत तिझी न'तिश्का घाट लागतो, माथा २,२६० मीटर. वळणावळणांचा आहे, पण रस्ता रुंद. जॅकेट डिकीत नको, हाताशी असू द्या.

आइत बेन हद्दूला किमान दीड तास द्या. मातीच्या घरांच्या या गढीचा माथा गाठायला चढ आहे, सावली नाही, म्हणून आधी वर चढा, मग जेवा. लोक उलट करतात आणि भर दुपारी भरल्या पोटाने पायऱ्या मोजतात.

दुसऱ्या दिवसाचा हिशेब मात्र सूर्यास्तापासून मागे करायचा. डिसेंबरात मेर्झूग्याला सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, ऑक्टोबरच्या मध्याला पावणेसातला, एप्रिलच्या मध्याला पावणेआठच्या आधी. उंटाने कॅम्पपर्यंत तास-दीड तास. म्हणजे डिसेंबरात साडेचारला उंटावर, चारला मेर्झूग्यात. दादेसहून मेर्झूगा निव्वळ साडेचार तास. त्यात तोद्राच्या घळीचा एक तास, जेवणाचा एक तास, चहा-पाण्याचा अर्धा मिळवा, झाले सात. निघायला नऊपेक्षा उशीर झाला की संध्याकाळ गेली. हा हिशेब ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सांगा. त्याला तो पाठ असतो, पण तुम्हालाही पाठ आहे हे त्याला कळलेलं बरं.

तोद्राला दोन्ही बाजूंच्या कड्यांची उंची तीनशे मीटरपर्यंत जाते, आणि सगळ्यात अरुंद भाग पाच-दहा मिनिटांत चालून होतो. गाडी आत नेऊन खिडकीतून बघू नका. अलीकडे उतरा, चालत जा, पलीकडे गाडीत बसा.

सावध: स्वतः गाडी चालवत असाल तर ओसाड रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीशेजारी हात करणारा माणूस "फक्त ही चिठ्ठी पुढच्या गावी माझ्या भावाला द्या" म्हणतो. चिठ्ठी दिली की भाऊ चहाला बसवतो, आणि चहाची खोली गालिच्यांची असते.

## टप्पा ९: वाळूवर

उंटावर बसताना पडण्याची वेळ दोनदाच येते, चढताना आणि उतरताना. उंट उठतो तो मागच्या पायांवर आधी. तुम्ही सावरून बसलात न बसलात तोच पाठीमागून ढकलल्यासारखे पुढे झुकता, समोर त्याची मान, खाली वाळू. मग एक हिसका आणि पुढचा भाग वर येतो. बसताना पुढचे गुडघे आधी दुमडतो, म्हणजे पुन्हा तुम्ही पुढेच फेकले जाता. दोन्ही वेळा एकच करायचं: खोगिराचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि अंग मागे टाका. फोन खिशात, चेन बंद. व्हिडिओ काढत उठणारा एक तरी जण प्रत्येक तांड्यात असतो.

कंबरदुखी, मणक्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर जीपने जा. आखूड पँट घातली तर मांड्या सोलवटतात.

कॅम्पवर पोचलात की तीन कामं आधी करा: फोनमध्ये कॅम्पच्या जागेची खूण ऑफलाइन जतन करा, तंबूतले दिवे कधी बंद होतात ते विचारा, आणि चार्जिंग लावा. मग टेकडी चढा. सरळ उतारावरून धापा टाकत वर जाऊ नका. वारा ज्या बाजूने येतो तिथला उतार सौम्य आणि वाळू घट्ट दाबलेली असते. पलीकडची बाजू तीव्र आणि भुसभुशीत, एक पाऊल वर तर पाऊण खाली. कण्यावरून, म्हणजे दोन उतार मिळतात त्या धारेवरून चाला. पुढे गेलेल्याच्या पावलात पाऊल टाकलं तर निम्मी ताकद वाचते.

एकट्याने रात्री कॅम्पच्या नजरेआड जाऊ नका. अंधारात सगळ्या टेकड्या सारख्या दिसतात, आणि वारा असेल तर पावलांच्या खुणा बघता बघता मिटतात.

सूर्योदयासाठी कॅम्पवाले उठवतात, पण आदल्या रात्री वेळ विचारून घ्या. डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो. पाच वाजता उठून कुडकुडत बसलेली माणसं मी बघितली आहेत. बूट घालण्याआधी झटका, विंचू असू शकतो.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या राखीव दिवशी, वार रविवार, मंगळवार किंवा गुरुवार आला तर रिसानीचा बाजार गाठा. त्याच वारी तो भरतो, आणि तिथला गाढवांचा तळ बघण्यासारखा असतो. दुपारी खमलिया गावात ग्नावा, म्हणजे पश्चिम आफ्रिकी मुळांचं संगीत ऐकता येतं. संध्याकाळी हॉटेलच्या मागून पुन्हा वाळूत, या वेळी उंटाशिवाय. मला विचाराल तर सगळ्या सहलीतली ही संध्याकाळ सर्वांत निवांत. पूर्वेकडे फार आत भटकू नका. अल्जीरियाची सीमा त्या बाजूला आहे आणि ती १९९४पासून बंद आहे.

## टप्पा १०: फेसकडे

आठला निघा. झीझ नदीच्या खोऱ्यातली खजुराची दाट पट्टी वरून बघायला एक थांबा, मिदेल्तला जेवण, अझ्रूच्या देवदारांत माकडं. त्यांना खायला घालू नका आणि गाडीच्या काचा वर ठेवा. मिदेल्त आणि इफ्रान उंचावर आहेत. सकाळी वाळवंटात टी-शर्टवर निघालेला माणूस दुपारी इथे काकडतो, आणि हिवाळ्यात बर्फही असतं. जॅकेट पुन्हा हाताशी.

फेसचं जुनं शहर पायीच फिरायचं, गाड्या आत जात नाहीत. तिथली गल्ल्यांची गुंतवळ मराकेशपेक्षा कितीतरी जास्त, आणि नकाशा दर दोन वळणांवर हार मानतो. म्हणून अंधारात पोचलात तर रियादला आधीच फोन करून माणूस दरवाजापर्यंत बोलवा: बाब बूजलूद, रसीफ, जो त्यांनी सांगितला असेल तो. दरवाजावर हातगाडीवाले हमाल असतात. बॅग गाडीवर चढण्याआधी भाव ठरवा.

ड्रायव्हरची बक्षिसी इथे द्यायची, पाकिटात घालून, निरोप घेताना. त्यासाठीचे दिरहम एर्फूदलाच बाजूला काढलेले असले पाहिजेत. आणि बॅग उघडण्याआधी बूट, सॅकचे कप्पे, ते उपरणं, सगळं बाहेर गल्लीत झटकून घ्या. रियादच्या अंगणात मधोमध कारंजं असतं, आणि त्यातून वाळू काढायचं काम तिथल्या बाईंच्या वाट्याला येतं.